नाकावरचे वळ आणि हार्बिनचे डॉक्टर

मे महिन्यात भर दुपारी रत्नागिरीत मारुती मंदिरापासून एसटी स्टँडपर्यंत चालून बघा. शर्ट पाठीला चिकटतो. याच हवेत 2020 साली सिव्हिलमधल्या नर्स आणि डॉक्टर एन-95 मास्क लावून, वर पीपीई किट चढवून तासन्‌तास उभे होते. आत घाम साचतो, कातडी भिजून मऊ पडते, मग मास्कची कड आणि इलॅस्टिक तिला सोलून काढतात. नाकावर वळ, गालांवर पुरळ, हनुवटीवर मुरमं. हात आपोआप मास्ककडे जातो. तो जरा सैल केला की बरं वाटतं, पण मग लावून उपयोग काय?

या मास्कचे पणजोबा म्हणता येतील असे एक डॉक्टर होते, वू लिएन-तेह. जन्म 10 मार्च 1879, मलायातल्या पेनांगचा. तारीख ओळखीची वाटली ना? अठरा वर्षांनी त्याच तारखेला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. वूंचं आयुष्यही प्लेगनेच बदललं. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकून ते चीनमध्ये लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते. डिसेंबर 1910 मध्ये त्यांना मांचुरियातल्या हार्बिनला पाठवलं. वय 31. थंडी शून्याखाली पंचवीस-तीस अंश. माणसं खोकत, रक्त ओकत दोन-तीन दिवसांत मरत होती.

तेव्हा प्लेग म्हणजे उंदीर आणि पिसवा, हे मुंबईच्या साथीने जगाला शिकवलेलं होतं. वूंनी गुपचूप एका मृतदेहाचं विच्छेदन केलं (तिथे त्याला मान्यता नव्हती) आणि त्यांना दिसलं की हा प्लेग फुप्फुसांचा आहे, श्वासातून पसरतो. म्हणजे उंदीर मारून भागणार नव्हतं, तोंड झाकायला हवं होतं. त्यांनी सर्जिकल गॉजच्या लांब पट्टीत कापसाची घडी घातली, दोन्ही टोकं फाडून बंद केले आणि ते डोक्यामागे बांधायला लावले. रबर नाही, तार नाही. कुठल्याही दवाखान्यात हाताने करता येईल असा, काही पैशांचा मास्क.

पण ऐकतंय कोण? जेराल्ड मेस्नी नावाचे वयाने मोठे, अनुभवी फ्रेंच डॉक्टर तिथे आले. एका तरुण चिनी माणसाने आपल्याला प्लेग शिकवावा, हे त्यांना सहनच झालं नाही. त्यांनी वूंचा अपमान केला आणि मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले. काही दिवसांतच ते प्लेगने वारले. मला या गोष्टीत सूड वगैरे दिसत नाही, वाईटच वाटतं. पण त्यानंतर हार्बिनमध्ये जो तो मास्क शोधू लागला, हे खरं.

त्याहून अवघड काम पुढे होतं. जमीन गोठलेली, त्यामुळे दोन हजारांवर प्रेतं पुरता न येता उघड्यावर पडलेली. चिनी परंपरेत दहन म्हणजे पूर्वजांची विटंबना. वूंनी थेट बादशाही दरबाराकडून परवानगी मिळवली आणि जानेवारी 1911 च्या अखेरीस ती प्रेतं जाळली. मार्चच्या सुरुवातीला हार्बिनमधला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मांचुरियात एकूण साठ हजारांच्या आसपास माणसं गेली होती.

एप्रिलमध्ये मुकदेनला आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली, अध्यक्ष वूच. 1935 मध्ये नोबेलसाठी नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही. जपानी आक्रमणानंतर ते मलायात परतले आणि इपोहमध्ये साधा दवाखाना टाकून पेशंट बघत राहिले. 1960 मध्ये पेनांगला वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, 1972 मध्ये, एन-95 आला. तो त्यांच्या गॉजपेक्षा कितीतरी चांगलं गाळतो आणि चेहऱ्याला घट्टही बसतो. नाकावरचे वळ त्या घट्टपणातूनच येतात. म्हणून ड्युटीआधी नाकावर पातळ ड्रेसिंगची पट्टी लावायची, मॉइश्चरायझर आधीच लावून मुरू द्यायचं, पट्टीमुळे फट राहत नाही ना ते तपासायचं आणि सुरक्षित जागी जाऊन अधूनमधून चेहऱ्याला हवा द्यायची, एवढंच हातात राहतं. रत्नागिरीच्या मे महिन्यात तर फारच.