डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

चार-पाच महिने सारे सुरळीत चालावे, पोटात बाळाची हालचाल जाणवू लागावी, आणि एके रात्री फारशा कळाही न येता गर्भ पडून जावा. असे एकदा नव्हे, तीन-तीन, चार-चार वेळा घडावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा स्त्रीपुढे फार थोडे मार्ग होते. महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहायचे, मिळतील ती औषधे घ्यायची आणि नवस बोलायचे. घरात तिच्या पायगुणाची चर्चा होई. कोणाच्या डोहाळजेवणाचे बोलावणे तिला येईनासे होई. मुंबई प्रांतात एक पत्नी असताना दुसरी करण्यास हिंदू पुरुषांना १९४६ च्या कायद्याने बंदी झाली. तोवर सवतीचे भयही खरेच होते.

या स्त्रियांच्या दुःखाचे मूळ दैवात नसून देहातील एका लहानशा भागात आहे, हे दाखवून त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय ज्यांनी काढला, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा या गावी झाला. वि. स. खांडेकर जेथे शिक्षक होते ते वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे निराळे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण हुबळीस झाले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. व १९२७ मध्ये एम.डी. होऊन ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. ही शल्यविशारदाची पदवी घेऊन परतले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे मानद प्राध्यापक झाले.

रुग्णालयात वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रिया येत. त्यांतील काहींचा गर्भ नेमका चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यानच का पडतो, हा प्रश्न शिरोडकरांना स्वस्थ बसू देईना. विश्रांती आणि औषधे यांचा या स्त्रियांना गुण येत नव्हता. त्यांनी अशा स्त्रियांची गर्भारपणात पुनःपुन्हा तपासणी केली. तेव्हा दिसले, की गर्भाशयाच्या मुखाचा आतला भाग दुबळा असतो. एरवी तो प्रसूतीपर्यंत घट्ट मिटलेला राहतो; या स्त्रियांमध्ये मात्र गर्भाचा भार वाढताच तो हळूहळू उघडू लागतो. गाठोडे भरलेले, पण त्याची गाठ सैल, असा हा प्रकार होता.

गाठ सैल असेल तर ती आवळावी, हा विचार साधा वाटतो. परंतु गर्भ पोटात असताना त्या जागी शस्त्र चालवणे हे धाडसाचे काम होते. जरा हात चुकला तर जो गर्भ वाचवायचा तोच जायचा. शिरोडकरांनी रुग्णेच्या मांडीतील स्नायूंवरच्या चिवट पांढऱ्या आवरणाची एक अरुंद पट्टी काढली, मूत्राशय हलकेच वर सारले आणि ती पट्टी गर्भाशयमुखाच्या आतल्या भागाभोवती फिरवून बांधली. पुढे मांडीतील पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरात आली. आज दिवस भरत आले, की हा टाका काढून घेतात आणि बाळंतपण नेहमीसारखे होऊ शकते. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. किमान चार वेळा गर्भ गमावलेल्या स्त्रियांवरच त्यांनी आरंभी ती वापरली होती, हे त्यांच्या सावधपणाचे लक्षण होय. जगभरच्या शल्यविशारदांनी ती स्वीकारली आणि ‘शिरोडकर टाका’ हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत रुजले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅक्डॉनल्ड यांनी तिचे अधिक सोपे रूप मांडले.

टाका घातला म्हणजे बाळ हाती आलेच, असे मात्र नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १२९२ स्त्रियांचा समावेश होता. तेहतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, तर न घातलेल्यांत १७ टक्के आढळले. ज्यांची तीन वा अधिक गर्भारपणे अकाली संपली होती, त्यांच्यात मात्र हा फरक ठळक होता : १५ टक्के आणि ३२ टक्के. ज्या स्त्रियांसाठी शिरोडकरांनी तो योजिला, त्यांनाच तो अधिक उपयोगी पडला.

गर्भ राहतच नाही, अशा स्त्रियांकडेही त्यांचे लक्ष होते. बंद झालेल्या गर्भनलिका शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्याचे काम त्यांनी केले आणि अशा शस्त्रक्रियांचे यश कशावर अवलंबून असते, याचाही अभ्यास मांडला. नलिका बंद होण्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो. कधी क्षयाचा, कधी परम्यासारखा, पतीकडून आलेला. दोष मात्र बायकोच्या माथी! आज अपत्यहीन जोडप्यात दोघांचीही तपासणी करतात. प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवण्यापूर्वी पतिपत्नी दोघांच्याही रक्तात हिपॅटायटिस बी या यकृतरोगाचा विषाणू आहे काय, हेही पाहतात. पतीला तो संसर्ग असला तरी पितृत्वाची वाट बंद होत नाही. त्याच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. पण उपचारांनंतर मूल होण्याच्या प्रमाणात अनेक अभ्यासांना फारसा फरक आढळलेला नाही. पत्नीला संसर्ग झालेला नसेल व पूर्वी लस घेतलेली नसेल, तर तिला लस टोचतात. जन्मलेल्या बाळालाही चोवीस तासांच्या आत लस देतात. शिरोडकरांच्या उमेदीच्या काळात हा विषाणू कोणाला ठाऊकच नव्हता.

गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावरही त्यांनी शस्त्रक्रिया शोधली. आपल्या कामाचे सार त्यांनी १९६० मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने मांडले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरवले. १९७१ मध्ये त्यांच्या नावे ‘पद्मविभूषण’ जाहीर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.