औंढ्याचे शिखर आणि अहिल्याबाईंची खासगी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळापुढे उभे राहिले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. देवळाचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा, हेमाडपंती पद्धतीचा आणि शिल्पांनी गजबजलेला आहे. वरचा भाग मात्र निराळ्या काळाचा व निराळ्या हातांचा आहे. मोगल काळात उद्ध्वस्त झालेला हा वरचा भाग अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारला, असे परंपरेने मानले जाते. या बांधकामात जे शाबूत होते ते राखले गेले आणि जे गेले होते तेवढेच भरून काढले गेले. दानाने उभ्या राहणाऱ्या वास्तूचा विचार कसा करावा, याचा पहिला धडा या जोत्यातच आहे. तो देणाऱ्या स्त्रीचे आयुष्य पाहिले म्हणजे पुढचे धडेही उलगडतात.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि पुढे दौलतीच्या कारभारात तिच्यावर विश्वास टाकला. १७६६ साली मल्हारराव वारले; वर्षभरातच पुत्र मालेरावही गेले. दौलत दुसऱ्याच्या हाती जावी अशी खटपट करणारे काही कमी नव्हते. तथापि पेशवे माधवरावांच्या संमतीने १७६७ साली कारभार अहिल्याबाईंकडे आला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरला आपले ठाणे केले आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, तेथूनच राज्य चालविले.

त्यांच्या दानधर्माविषयी बोलताना भाविकपणे यादी सांगण्याचा प्रघात आहे. काशीचे विश्वनाथ मंदिर, सोमनाथचे नवे देऊळ, गयेचे विष्णुपद मंदिर, काशीचे घाट ही नावे सर्वांना पाठ असतात. परंतु हा पैसा कोठून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि खरे महत्त्व त्यालाच आहे. होळकरांच्या दौलतीत दोन हिशेब वेगळे होते. एक राज्याचा व दुसरा खासगीचा. सासू गौतमाबाईंच्या पश्चात खासगीचे उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले. दानधर्माचा भार प्रामुख्याने या खासगीवर पडला. रयतेचा कर फौज व राज्यकारभार यांसाठी, आणि पुण्यकर्म आपल्या वाट्याच्या उत्पन्नातून, असा हा विवेक होता. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होणे नेहमीच सोपे असते. त्या मोहापासून सत्ताधाऱ्याने दूर राहावे, ही अपेक्षा अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती.

दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कम याने अहिल्याबाईंच्या आठवणी जाणत्या माणसांकडून गोळा केल्या आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविल्या. त्यांतून दिसते ते असे, की वास्तू बांधून त्या थांबत नसत. दूरच्या क्षेत्रांतील संस्थांसाठी दर वर्षी ठराविक रकमा जात. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठी माणसे नेमलेली असत. महेश्वरच्या परिसरात तर भर दुपारी नांगराचे बैल थांबवून त्यांनाही पाणी पाजले जाई. विंध्याचलातील अवघड जाम घाटात मोठा खर्च करून त्यांनी रस्ता बांधविला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी भांडवली खर्चाबरोबर चालू खर्चाचीही तरतूद केली. धर्मशाळा बांधणारे पुष्कळ असतात. तिचे छप्पर दहाव्या पावसाळ्यात कोण शाकारणार, याचा विचार करणारा दाता विरळा.

त्या काळच्या बांधणीतही एक व्यवहारी शहाणपण होते. जाड दगडी भिंतींच्या धर्मशाळेत वैशाखातही गारवा राहतो. पायऱ्यांच्या बारवेत पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी दोर-पोहरा जवळ नसलेला वाटसरू स्वतः उतरून ओंजळभर पाणी पिऊ शकतो. घाटाच्या रुंद पायऱ्या म्हाताऱ्या माणसालाही नदीपर्यंत नेतात. दगड आणि चुना यांनी उभी केलेली अशी कामे नीट राखली तर अनेक पिढ्यांना पुरतात.

अर्थात या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. त्या काळी पाणवठा बांधला गेला म्हणजे तो सर्वांना खुला झाला, असे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विहिरीची पायरी आणि देवळाचा उंबरठा बंदच होता. याच औंढ्याची एक कथा सांगतात. नरसीच्या नामदेवांना देवळापुढे कीर्तन करण्यास मज्जाव झाला. ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. कथेत वास्तूने जे केले ते समाजाने करावयास शतके घेतली. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पंढरपुरात गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याच अन्यायावर उतारा म्हणून, आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. अहिल्याबाईंच्या दानात जी उणीव त्यांच्या काळाने ठेवली, ती झाडू हाती घेतलेल्या एका फकिराने भरून काढली.

अहिल्याबाईंच्या खासगीची कहाणी त्यांच्या मृत्यूबरोबर संपली नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९६२ साली या धर्मादाय मिळकतींसाठी विश्वस्तनिधी स्थापन झाला. पुढे मिळकतींच्या हस्तांतरावरून वाद न्यायालयांत गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीला मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदणी आवश्यक असल्याचा निर्णय दिला. दान एकदा लोकांसाठी दिले की त्याचा हिशेबही लोकांना द्यावा लागतो, असाच त्याचा इत्यर्थ.

२०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. पुतळे उभे राहिले, भाषणे झाली. परंतु त्यांचे खरे स्मारक गावोगावच्या दात्यांच्या हातात आहे. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात देणाऱ्यांचे हात आखडलेले नाहीत. वेशीची कमान, देवळाचा सभामंडप यांसाठी वर्गणी झपाट्याने जमते व संगमरवरी पाटीवर नावे कोरली जातात. त्याच गावात पत्र्याखाली तापलेल्या खोलीत मुले धडे गिरवीत असली, मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसले आणि जुनी बारव केरकचऱ्याने बुजत असली, तर त्या दानाला अहिल्याबाईंचा वारसा म्हणता येणार नाही. जुनी बारव उपसावी, शाळेवर उन्हाला अडविणारे छप्पर घालावे, दवाखान्यात हवा खेळती ठेवावी, अपंगाला चढता येईल असा उतार करावा. आणि या सर्वांच्या दुरुस्तीसाठी दर वर्षीची रक्कम आधीच बाजूला ठेवावी. पाटीवर नाव नसले तरी चालेल. औंढ्याच्या शिखरावर कोणाचे नाव कोरले आहे हे पाहण्यासाठी कोणी तेथे जात नाही. तरीही अडीचशे वर्षांनंतर लोक ते नाव घेतातच.