लुई पाश्चर आणि जलसंत्रास

फ्रान्स देशाच्या पूर्व भागांत ज्यूरा नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांतील डोल या गांवीं ता. २७ डिसेंबर १८२२ रोजीं लुई पाश्चर याचा जन्म झाला. वडील कातडीं कमावण्याचा धंदा करीत. पुढें हें कुटुंब आर्बुआ येथें राहावयास गेलें. लुईला नववें वर्ष चालू असतां, १८३१ सालीं, त्या बाजूस एका पिसाळलेल्या लांडग्यानें अनेकांना चावे घेतले. त्या काळीं लोकांस एकच उपाय ठाऊक होता. तो म्हणजे तापवून लाल केलेल्या लोखंडानें जखमेवर डाग देणें. घराजवळच्या लोहाराच्या दुकानांत चाललेला हा भयंकर उपचार लुईच्या मनावर कायमचा कोरला गेला. इतकें सोसूनहि कित्येक जण जलसंत्रासानें तडफडून मेले.

शाळेंत लुई असामान्य बुद्धीचा म्हणून गणला जात नसे. परंतु हातीं घेतलेलें काम अर्धवट टाकणें त्याला माहीत नव्हतें. पॅरिस येथें शिक्षण संपवून तो रसायनशास्त्रज्ञ झाला. पदार्थ आंबतात ते सूक्ष्म जंतूंमुळें, हें पाश्चर यांनीं सिद्ध केलें. रेशमाच्या किड्यांच्या रोगांचा छडा लावला. व १८८१ सालीं मेंढ्यांना लस टोचून काळपुळीपासून त्यांचें रक्षण करून दाखविलें. याच काळांत त्यांच्या तीन मुली लहान वयांत दगावल्या, आणि १८६८ सालीं अर्धांगवायूनें त्यांचें डावें अंग लुळें पडलें. तरी काम थांबलें नाहीं.

१८८० सालापासून त्यांनीं जलसंत्रासाकडे लक्ष वळविलें. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंतील विष जखमेंतून शिरून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सरकतें. या प्रवासास बहुधा कांहीं आठवडे लागतात; परंतु एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. मधल्या अवधींतच शरीरास लढण्यास तयार करावें, ही पाश्चर यांची कल्पना. रोगी सशाच्या पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु कोरड्या हवेंत टांगून ठेवली असतां तिच्यांतील विष दिवसेंदिवस क्षीण होतें, असें त्यांना व त्यांचे सहकारी रू यांना आढळलें होतें.

ता. ६ जुलै १८८५ रोजीं आल्सास प्रांतांतून जोसेफ माइस्टर नांवाचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणण्यांत आला. दोन दिवसांपूर्वीं पिसाळलेल्या कुत्र्यानें त्याचे अनेक लचके तोडले होते. पाश्चर हे वैद्य नव्हते. म्हणून डॉक्टर ग्रांशे यांनीं सुमारें दहा दिवसांत तेरा वेळां लस टोचली. प्रथम अगदीं क्षीण, मग रोज अधिक तीव्र. मुलगा वांचला. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या पुढें अभ्यासकांस खुल्या झाल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं ही पद्धत कुत्र्यांवर तोंवर पुरती पडताळलेली नव्हती. धोका लोकांस वाटला त्याहून मोठा होता.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लुईझ पेल्तिये नांवाची दहा वर्षांची मुलगी आली. तिच्या डोक्याला चावा होता आणि चाव्यास सदतीस दिवस उलटले होते. फार उशीर झाला आहे, आणि ती दगावल्यास विरोधक सारा दोष लशीवर टाकतील, हें पाश्चर जाणून होते. तरी आईबापांना त्यांच्यानें नकार देववेना. मुलगी गेली. कीर्तीस डाग लागेल म्हणून तिला दारांतून परत पाठविणें सोपें होतें; तें त्यांनीं केलें नाहीं.

१८८६ सालीं स्मोलेन्स्कहून लांडग्यानें चावलेले एकोणीस रशियन आले. त्यांतील सोळा वांचले. १८८८ सालीं पॅरिस येथें पाश्चर संस्था उघडली. ता. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं पाश्चर निवर्तले. हिंदुस्थानांतील पहिली अशी संस्था १९०० सालीं कसौली येथें निघाली.

आज सशाच्या मज्जारज्जूची लस राहिली नाहीं. तिच्याहून पुष्कळ निर्धोक लस दंडांत टोचतात. तरी जगांत दरवर्षीं हजारों माणसें या रोगानें मरतात. बहुतेकांस कुत्रा चावलेला असतो. पण मांजरहि निर्धोक नव्हे. अमेरिकेंत कुत्र्यांतील रोग आटोक्यांत आल्यापासून पाळीव जातींच्या प्राण्यांत मांजरेंच अधिक वेळां पिसाळलेलीं आढळतात. भटक्या मांजरास धनी नसतो, म्हणून त्याला कोणी लस टोचीत नाहीं. त्याच्या दाताची जखम सुईच्या टोंकाएवढी पण खोल असते आणि वरून लवकर मिटते. पिल्लू उचलतांना ओरखडा उठला तर मूल रागावण्याच्या भीतीनें तो लपवितें.

विद्यार्थिमित्रहो, असा ओरखडा कधींहि लपवूं नका. साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें जखम धुवा. तिच्यावर चुना, हळद वा तिखट लावूं नका. आणि त्याच दिवशीं वडील माणसांस सांगून डॉक्टरांकडे जा. जोसेफ दुसऱ्या दिवशीं घरून निघाला होता. लुईझला सदतीस दिवस लागले. दोघांना वैद्य तेच मिळाले व लसहि तीच मिळाली.