गो. नी. दांडेकर
गोपाळ नीलकंठ दांडेकर (८ जुलै १९१६, परतवाडा - १ जून १९९८, पुणे) हे मराठी कादंबरीकार व दुर्गप्रेमी होते. ते 'गोनीदा' या नावाने परिचित होते.

वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी शाळा व घर सोडले. पुढे त्यांना गाडगे महाराजांचा सहवास लाभला. त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले आणि नर्मदा परिक्रमाही केली. या परिक्रमेत नदीचे पात्र न ओलांडता, भिक्षेवर निर्वाह करीत पायी चालायचे असते. सोबत जुजबी सामान घेऊन चालण्याची ही सवय पुढे सह्याद्रीतील भटकंतीतही टिकली. १९४७ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे स्थायिक होऊन त्यांनी केवळ लेखनावर उपजीविका करण्याचे ठरवले.

राजगडासह अनेक किल्ल्यांवर ते वारंवार जात. 'दुर्गदर्शन' व 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तके या भटकंतीतून साकारली. 'माचीवरला बुधा' या कादंबरीचा नायक मुंबई सोडून राजमाचीच्या रानात, झाडे व पशुपक्षी यांच्या सोबतीने एकटा राहतो. 'जैत रे जैत' या कादंबरीवर १९७७ साली चित्रपट निघाला. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर कादंबरीस १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेखनामुळे अनेक तरुण गिरिभ्रमणाकडे वळले.