डॉ. विल्यम कॅरे आणि श्रीरामपूरची आग

इ. स. १८०५ सालीं मराठी भाषेचें एक व्याकरण छापून निघालें आणि १८१० सालीं एक कोश प्रसिद्ध झाला. त्या कोशांतील मराठी शब्द मोडी लिपींत छापले होते. हीं पुस्तकें मुंबईंत किंवा पुण्यांत निघालीं नाहींत, तर कलकत्त्यानजीक हुगळीच्या कांठीं श्रीरामपूर येथें निघालीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हें आपल्याकडील श्रीरामपूर समजूं नये, तें त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांतील एक लहानसें शहर होतें.) त्यांचे कर्ते डॉ. विल्यम कॅरे. पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्यानें त्यांनीं मराठीचा अभ्यास केला, आणि १८११ सालीं त्यांच्या छापखान्यांतून मराठी नवा करार बाहेर पडला.

कॅरे ह्यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील एका खेड्यांत विणकराच्या घरीं झाला. उन्हांत काम केल्यानें त्वचेस विकार होई, म्हणून शेतकाम सुटलें आणि ते चांभारकाम शिकले. जोडे शिवतां शिवतां त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा संपादन केल्या. पुढें ते बाप्तिस्त मंडळीचे पाळक झाले आणि १७९३ सालीं सहकुटुंब बंगालला आले. येथवरची हकीकत बहुतेकांस ठाऊक असते.

त्यांच्या पत्नी डोरोथी ह्यांची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. ह्या बाईस विवाहाच्या वेळीं स्वतःची सहीही करतां येत नव्हती. हिंदुस्थानांत येण्यास त्या प्रथम राजी नव्हत्या. तान्हें मूल कडेवर घेऊन अखेर निघाल्या. १७९४ सालीं कॅरे माळद्याकडे मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर काम पाहूं लागले, आणि त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीनें वारला. परक्या मुलखांत त्याची खांच खणावयास माणसें मिळणेंही कठीण झालें. त्या दुःखानंतर डोरोथीबाईंचें मन जें भ्रमलें तें पुनः ठिकाणावर आलें नाहीं. १८०७ सालीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत त्यांना बहुधा खोलींत कोंडूनच ठेवावें लागे, आणि लगतच्या खोलींत पति भाषांतर करीत बसत. कॅरे ह्यांच्या कार्याचें मोल ह्या बाईनेंही दिलें, आणि तें तिला कोणी विचारून घेतलें नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

सात वर्षांत एकाही हिंदी मनुष्यानें त्यांचा उपदेश स्वीकारला नव्हता. १८०० च्या डिसेंबरच्या २८ व्या तारखेस कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळींत झाला. त्या दिवशीं डोरोथीबाई एकीकडे कोंडलेल्या होत्या, आणि कॅरे ह्यांचे सहकारी डॉ. थॉमस हे हर्षातिरेकानें भ्रमिष्ट होऊन दुसरीकडे. आनंद आणि शोक असे एकाच अंगणांत उभे होते, आणि कॅरे मात्र पाण्यांत उतरून बाप्तिस्मा देत होते.

१८१२ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस सायंकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यांत कागदांच्या गठ्ठ्यांस आग लागली. वॉर्ड आणि मार्शमन ह्यांनीं ती विझविण्याची शिकस्त केली. परंतु मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळलें. कॅरे त्या रात्रीं कलकत्त्यास होते, कारण फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. दुसऱ्या दिवशीं मार्शमन ह्यांनीं जाऊन ही वार्ता त्यांस सांगितली. चौदा भाषांचे टाईप वितळले होते. पंजाबी व तेलगू व्याकरणांचीं हस्तलिखितें, रामायणाच्या भाषांतराचा भाग, आणि अनेक भाषांचा जो एक महाकोश ते कित्येक वर्षें रचीत होते तोही भस्म झाला. पुढच्या रविवारीं त्यांनीं कलकत्त्यास ४६ व्या स्तोत्रावर उपदेश केला.

राखेंत शोध करतां पोलादी ठसे आणि मातृका शाबूत सांपडल्या. छपाईचीं यंत्रेंही वांचलीं होतीं. वितळलेलें शिसें गोळा करून वॉर्ड ह्यांनीं नवे टाईप ओतविण्यास आरंभ केला, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुनः सुरू झाली. इंग्लंड-स्कॉटलंडांतील मंडळ्यांनीं सुमारें पन्नास दिवसांत नुकसानीची भरपाई होईल इतका पैसा जमविला. परंतु सर्वच परत मिळालें असें कोणीं समजूं नये. कॅरे पुनः लिहावयास बसले आणि व्याकरणें पुरीं झालीं. तो महाकोश मात्र पुनः कधींच झाला नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय पन्नास वर्षांचें होतें.

ह्यानंतरही दुःखें आलीं. दुसऱ्या पत्नी शार्लट १८२१ सालीं वारल्या. १८२३ सालीं ते स्वतः आजारी असतां दामोदर नदीचा पूर श्रीरामपुरांत शिरला आणि त्यांच्या हातची आवडती बाग पाण्याखालीं गेली. बरें होतांच त्यांनीं ती पुनः लावली.

१८३४ च्या जून महिन्याच्या ९ व्या तारखेस ते प्रभूमध्यें निजले. शेवटच्या दुखण्यांत चालवेना, तेव्हां त्यांना खुर्चींत बसवून बागेंत नेत असत. आपल्यामागें मार्शमन बागेंत गाई सोडतील, अशी त्यांस एक काळजी होती. बाग जतन करूं, असें मार्शमन ह्यांनीं त्यांस वचन दिलें.