पंडिता रमाबाई : सिल्चरच्या घरातले लहानसे पुस्तक

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. संडेस्कूलमध्ये त्यांची गोष्ट सांगताना आपण बहुधा केडगावपासून सुरुवात करतो. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली, मुक्ती सदनाच्या इमारती, बायकांनी चालवलेला छापखाना, हे सारे मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करणे सोपे जाते. पण केडगावपर्यंत त्या पोहोचल्या कशा, हे पाहू लागलो म्हणजे फार बारीकसारीक गोष्टी हाती लागतात. ज्या दिवशी त्या घडल्या त्या दिवशी त्यांना कोणी महत्त्व दिले नसेल.

पहिली गोष्ट तर रमाबाईंच्या जन्माआधीची आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थीदशेत ते पुण्याला रामचंद्रशास्त्री यांच्याकडे संस्कृत शिकत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात शिकवायला जात आणि कधीकधी शिष्यालाही बरोबर नेत. एके दिवशी तेथे पेशव्यांच्या घरातील बाई संस्कृत श्लोक म्हणत असलेल्या अनंतशास्त्र्यांच्या कानावर पडल्या. स्त्रीच्या तोंडून देववाणी! तरुण विद्यार्थी थक्क झाला आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे असे त्याने मनात ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही, कारण घरच्यांना ते पसंत नव्हते. पुढे ती वारली.

दुसरी गोष्ट गोदावरीच्या काठची. अनंतशास्त्री चव्वेचाळीस वर्षांचे होते, तीर्थयात्रेला निघाले होते आणि सकाळी नदीवर स्नानाला उतरले होते. तेथे आणखी एक यात्रेकरू ब्राह्मण आपल्या कुटुंबासह एकदोन दिवसांच्या विश्रांतीसाठी थांबला होता. त्याला दोन मुली, एक नऊ वर्षांची आणि एक सात वर्षांची. स्नानसंध्या आटोपल्यावर दोघांचे बोलणे झाले. कुळ, गोत्र, गाव यांची विचारपूस झाली. समोरचा गृहस्थ विधुर आहे असे कळल्यावर त्या पित्याने आपली थोरली मुलगी देऊ केली. तासाभरात सारे ठरले, दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि मुलीचे आईवडील पुढच्या यात्रेला निघून गेले. नऊ वर्षांची लक्ष्मी एका अनोळखी माणसाबरोबर शेकडो मैल दूर गेली. हा प्रकार वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्या घाटावर दुसरा कोणी भेटला असता तर त्या पोरीचे काय झाले असते, हा विचार रमाबाईंच्याही मनात आला असलाच पाहिजे, कारण आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी ही हकीकत मुद्दाम लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई चांगल्या माणसाच्या हाती पडल्या, एवढेच.

अनंतशास्त्र्यांनी त्यांना संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना जातभाईंचा रोष पत्करावा लागला आणि अखेर गंगामूळच्या जंगलात जाऊन राहावे लागले. तेथे 1858 साली रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पाखरांची किलबिल चालू होताच आई झोपाळलेल्या रमेला उठवून संथा देई. बाराव्या वर्षी भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला मुखोद्गत होते. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा अनुभव वाईट आल्यामुळे वडिलांनी रमेचे लग्न लहानपणी केले नाही. हाही त्या काळी मोठाच अपराध होता.

मग दुष्काळ आला. 1874 साली वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई गेली, थोडक्याच काळात बहीणही गेली. राहिले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. ही दोन भावंडे उपाशीतापाशी, बहुतेक पायी, हिंदुस्थानभर फिरली आणि 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात त्यांना दोन ग्रंथ भेटीदाखल मिळाले. एका ख्रिस्ती मेळाव्याचे आमंत्रण आले म्हणून दोघे भावंडे गेली. तेथे गोरे व बंगाली लोक एकत्र चहाबिस्किटे घेताना पाहून त्यांना कलियुगाची परमावधी झाली असे वाटले. पुढे मंडळी प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक समोरच्या खुर्च्यांनाच नमस्कार करतात की काय, अशी दोघांची समजूत झाली! (आपल्या उपासनेला नव्याने येणाऱ्या माणसाला काय काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.) निघताना त्यांना संस्कृत बायबलची प्रत देण्यात आली. घरी येऊन रमाबाईंनी ती उघडून पाहिली, पण त्या संस्कृताची धाटणी त्यांच्या ओळखीची नव्हती. वाचण्यात वेळ फुकट जाईल असे वाटून त्यांनी ती बाजूला ठेवली. दुसरा ग्रंथ केशवचंद्र सेन यांनी दिलेला वेद. स्त्रीने वेद वाचू नये असे शिकलेल्या रमाबाईंना तो घेतानाही संकोच वाटला. पण तो त्यांनी वाचला. त्याच सुमारास पंडितांच्या सांगण्यावरून स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. स्त्रीजातीविषयी तेथे जे लिहिलेले त्यांना आढळले, त्याने लहानपणापासूनची त्यांची श्रद्धा ढासळली. म्हणजे संस्कृत बायबल हाती असून वाचले गेले नाही, आणि स्त्रियांना उपदेश करण्यासाठी उघडलेल्या शास्त्रांनी उपदेश करणारीचेच मन बदलले.

1880 साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीने ते शूद्र मानले जात. ब्राह्मण कन्येने असा विवाह केला म्हणून दोन्हीकडचे लोक तुटले. नवराबायको आसामातील सिल्चर येथे राहू लागली आणि 1881 साली त्यांना मनोरमा झाली.

सिल्चरच्या घरी बिपिनबाबूंचा पुस्तकसंग्रह होता. एके दिवशी काहीतरी वाचायला हवे म्हणून रमाबाई तो चाळत असता एक लहानसे बंगाली पुस्तक हाती लागले. ते लूककृत शुभवर्तमान होते. ते तेथे कसे आले हे त्यांना कधीच कळले नाही, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे. बिपिनबाबू मिशनच्या शाळेत शिकले होते, तेव्हा तेथून आले असेल, किंवा आणखी कोणी दिलेले असेल. कलकत्त्याला समारंभपूर्वक मिळालेला ग्रंथ मिटलेलाच राहिला. सिल्चरला कोणी न दिलेले, पण समजणाऱ्या भाषेतले पुस्तक मात्र त्यांनी मन लावून वाचले.

गावात ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी होते. ते घरी येऊन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून समजावून सांगू लागले. रमाबाईंना हा धर्म आपणास पटतो असे वाटू लागले आणि ते त्यांनी पतीजवळ बोलून दाखवले. बिपिनबाबू रागावले. ख्रिस्ती शिकवणीचा त्यांना परिचय होता, पण पत्नीने उघडपणे बाप्तिस्मा घेऊन एका तुच्छ मानलेल्या समाजात जावे हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. ॲलनसाहेबांना घरी येऊ नका असे सांगणार, इथपर्यंत गोष्ट आली. तोच फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला.

येथे मी क्षणभर थांबतो. ते जगले असते तर काय झाले असते हे आपणास ठाऊक नाही, असे खुद्द रमाबाईंनी मोकळेपणाने म्हटले आहे. आपल्याकडे काही भाषणांतून असे ऐकू येते की देवाने वाटेतली अडचण दूर केली. माझी जीभ असे म्हणायला धजत नाही. ज्या माणसाने जातीची पर्वा न करता एका पोरक्या मुलीला घर दिले, ज्याच्या घरी ते पुस्तक मिळाले, त्याचा मृत्यू म्हणजे अडचण दूर होणे नव्हे. रमाबाईंनी या दुःखाला दुःखच म्हटले. प्रभू दुःखातूनही वाट काढतो यावर माझा विश्वास आहे, पण त्यासाठी प्रेत पडणे हीच त्याची योजना होती असे म्हणण्याची गरज मला दिसत नाही.

तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई त्याच वर्षी पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूने 1883 साली इंग्लंडला प्रयाण केले. वाँटेजला त्या सिस्टरांच्या मठात उतरल्या. तेथून हवापालट म्हणून त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला पाठवण्यात आले. तेथे त्याच सिस्टर पतित मानलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत होत्या. अशा स्त्रियांना हाकलून न देता जवळ घेतात, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची हकीकत सांगितली. लूकापासून सुरू झालेला शोध तेथे ठिकाणी लागला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

वैद्यकी मात्र राहिली. त्यांना ऐकू कमी येत होते, म्हणून तो बेत सोडावा लागला व त्या शिक्षणाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना अमेरिकेहून आमंत्रण आले. नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर होणार होत्या आणि त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाईंनी यावे अशी तेथील डीन रेचेल बॉडली यांची इच्छा होती. अभ्यास मोडून जावे की नाही हा प्रश्न होता. त्या गेल्या. 11 मार्च 1886 चा तो समारंभ आटोपून परतायचे, अशी कल्पना. प्रत्यक्षात त्या जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या, देशभर बोलल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील आपले पुस्तक त्यांनी 1887 साली प्रसिद्ध केले आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांचे साहाय्य मिळवले. शारदा सदन मुंबईत उघडले ते 11 मार्च 1889 रोजी, नेमके तीन वर्षांनी.

सदन पुढे पुण्याला आले. धर्माच्या बाबतीत तेथे कोणावर सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसह सकाळी प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. एवढीच गोष्ट. ते लावून घेतले असते तर कोणी काही बोलले नसते. पण जे आपण चोरून करीत नाही त्यासाठी दार का लावावे, असे त्यांना वाटले. त्या उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. 1893 साली त्यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. विश्वासाने मुली पाठवलेल्या आईबापांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंनी दार मात्र लावले नाही.

अमेरिकेची मदत एक दिवस थांबणार हे जाणून त्यांनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. हेतू एवढाच की तिच्या उत्पन्नावर सदन चालावे. मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या बातम्या वाचताना त्यांना आपले आईवडील आठवले आणि त्या तडक तिकडे निघाल्या. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा त्यांना फळबागेत नेण्यात आले. मुक्ती सदन असे उभे राहिले. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मनोरमाबाईंनी शाळा चालवली.

उतारवयात रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बाईलाही वाचून समजावे, हा त्यांचा आग्रह. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सारे काम मुक्तीतल्या बायका करीत. 1921 साली मनोरमाबाई वारल्या. कामाची सूत्रे जिच्या हाती द्यायची तीच मुलगी आधी गेली. रमाबाईंना तेव्हा नीट ऐकू येत नसे, प्रकृतीही खालावली होती, पण मुद्रिते तपासणे चालूच होते. ते काम पुरे करून 5 एप्रिल 1922 च्या पहाटे त्या झोपेतच प्रभूघरी गेल्या. छापलेले संपूर्ण बायबल त्यानंतर दोन वर्षांनी बाहेर पडले.