विल्यम रॅथबोन (सहावे)

विल्यम रॅथबोन (११ फेब्रुवारी, इ.स. १८१९ – ६ मार्च, इ.स. १९०२) हे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातील व्यापारी, समाजसेवक आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. गरीब रुग्णांना त्यांच्या राहत्या घरी प्रशिक्षित परिचारिकेची सेवा मिळवून देणाऱ्या 'डिस्ट्रिक्ट नर्सिंग' या व्यवस्थेचे ते प्रवर्तक मानले जातात. घराच्या चार भिंतींआड दिल्या जाणाऱ्या सेवेचा दर्जा कोणी व कसा पारखावा, या प्रश्नाला त्यांच्या कार्यात महत्त्वाचे स्थान आहे. घराण्यात एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याने त्यांचा उल्लेख 'सहावे' असा केला जातो.

जन्म व घराणे

रॅथबोन यांचा जन्म लिव्हरपूल येथील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. या घराण्याने गुलामांच्या व्यापाराला विरोध केला होता. वडील विल्यम रॅथबोन (पाचवे) हे लिव्हरपूलचे महापौर होते. इ.स. १८४२ मध्ये विल्यम कौटुंबिक व्यवसायात भागीदार झाले. तरुणपणी एका साहाय्यक संस्थेचे कार्यकर्ते म्हणून ते गरीब वस्त्यांतील घरांना भेटी देत असत. त्यामुळे आजारपण निर्धन कुटुंबाला कसे उद्ध्वस्त करते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

गृहपरिचर्येचा प्रारंभ

इ.स. १८५९ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी ल्युक्रिशिया यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने त्यांची शुश्रूषा केली होती. सर्व सुखसोयी असलेल्या आपल्या घरातही प्रशिक्षित परिचारिकेचा एवढा आधार वाटला. मग ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे काय होत असेल, हा विचार रॅथबोन यांना अस्वस्थ करू लागला. त्यांनी रॉबिन्सन यांना स्वखर्चाने तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीतील रुग्णांच्या सेवेला नेमले. तेथील दैन्य पाहून महिनाभरातच त्यांनी या कामातून मुक्त करण्याची विनंती केली. रॅथबोन यांनी त्यांना मुदत पूर्ण करण्याचा आग्रह केला. अनेक रुग्णांना आलेला गुण पाहून, तीन महिने संपताना रॉबिन्सन यांनी हेच काम पुढे चालू ठेवण्याचे ठरविले.

अशा परिचारिका आणखी हव्या होत्या, परंतु त्या उपलब्ध नव्हत्या. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. त्यानुसार लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाला जोडून इ.स. १८६२ मध्ये परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय व निवास सुरू झाले. त्याची इमारत रॅथबोन यांनी बांधून दिली. शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक परिचारिका नेमण्यात आली. तिच्या कामावर त्या भागातील एक प्रतिष्ठित महिला स्वयंसेवी वृत्तीने देखरेख करीत असे.

वर्कहाउस नावाच्या निर्धनगृहांतील रुग्णांची स्थिती याहूनही वाईट होती. लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल येथील निर्धनगृहात प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा खर्च रॅथबोन यांनी उचलला. इ.स. १८६५ मध्ये अ‍ॅग्नेस जोन्स यांनी तेथील कामाची सूत्रे स्वीकारली. इ.स. १८६८ मध्ये टायफस ज्वराने त्यांचा मृत्यू झाला. मात्र त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकून राहिली.

सेवेच्या दर्जाची पाहणी

इ.स. १८७४ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी प्रशिक्षित परिचारिका पुरविणारी एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नवे काम हाती घेण्यापूर्वी चालू कामाची पाहणी करावी, असे ठरले. या पाहणीच्या समितीचे अध्यक्षपद रॅथबोन यांच्याकडे होते. प्रत्यक्ष पाहणी नाइटिंगेल यांच्या विद्यालयात शिकलेल्या फ्लॉरेन्स लीस यांनी केली. अहवाल इ.स. १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाहणीत गंभीर उणिवा आढळल्या. अनेक परिचारिकांचे प्रशिक्षण अपुरे होते. शुश्रूषा मागे पडून अन्न, कपडे व पैसे वाटणे हेच मुख्य काम होऊन बसले होते. देखरेख करणाऱ्यांना परिचर्येचे ज्ञान नसल्याने काम नीट झाले की नाही, हे त्यांना ओळखता येत नसे. रुग्णालयात डॉक्टर व वरिष्ठ परिचारिका जवळच असतात. रुग्णाच्या घरी मात्र परिचारिका एकटी असते आणि तिची चूक सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. म्हणून तिचे प्रशिक्षण रुग्णालयातील परिचारिकेपेक्षा कमी नव्हे, तर अधिक असावे, असा निष्कर्ष निघाला. रुग्णालयातील शिक्षणानंतर घरोघरच्या कामाचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, परिचारिकांनी सामायिक निवासात राहावे आणि त्यांच्यावर प्रशिक्षित अधीक्षिका असावी, अशा शिफारशी करण्यात आल्या.

लिव्हरपूलमधील देखरेखही अप्रशिक्षित महिलांकडे असल्याने हे निष्कर्ष रॅथबोन यांनी स्वतः उभारलेल्या पद्धतीलाही लागू पडत होते. तरीही त्यांनी नव्या व्यवस्थेचा पुरस्कार केला.

राष्ट्रीय संस्था

राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इ.स. १८८७ मध्ये स्त्रियांनी जमविलेल्या निधीतील सुमारे ७०,००० पौंड गृहपरिचर्येसाठी देण्यात आले. या निधीच्या विनियोगाची योजना आखण्यात रॅथबोन यांचा सहभाग होता. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला इ.स. १८८९ मध्ये राजसनद मिळाली. संलग्न होणाऱ्या स्थानिक संस्थांना प्रशिक्षणाच्या अटी पाळाव्या लागत आणि नियमित तपासणी मान्य करावी लागे. परिचारिकांनी दानधर्म करू नये व रुग्णाच्या धर्मश्रद्धेत ढवळाढवळ करू नये, असा दंडक होता. रॅथबोन यांची भाची रोझलिंड पॅजेट या संस्थेच्या पहिल्या महानिरीक्षक झाल्या. ही संस्था पुढे 'क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली गेली.

राजकीय व शैक्षणिक कार्य

रॅथबोन इ.स. १८६८ ते १८८० या काळात लिव्हरपूलचे आणि त्यानंतर इ.स. १८९५ पर्यंत वेल्समधील मतदारसंघांचे संसद सदस्य होते. ते उदारमतवादी पक्षाचे होते. लिव्हरपूल व बँगोर येथील विद्यापीठीय महाविद्यालयांच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. डिस्ट्रिक्ट नर्सिंगच्या वाटचालीवरील त्यांचे पुस्तक इ.स. १८९० मध्ये प्रसिद्ध झाले.

निधन व वारसा

६ मार्च, इ.स. १९०२ रोजी रॅथबोन यांचे निधन झाले. लिव्हरपूलच्या सेंट जॉन्स गार्डन्स या उद्यानात त्यांचा पुतळा आहे. कन्या एलिनॉर रॅथबोन यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्या पुढे संसद सदस्य झाल्या आणि भारतातील बालविवाहाच्या प्रथेविरुद्ध त्यांनी लेखन केले. सद्‌हेतूने दिलेल्या सेवेचीही जाणकाराकडून तपासणी व्हायला हवी, हे तत्त्व गृहपरिचर्येत रुजविण्याचे श्रेय रॅथबोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते.